देवाच्या हातातला घड

शहरात परकी फौज उतरली म्हणून वेलीवरची द्राक्षं थांबणार नव्हती. लल्लाने गड्याच्या तोंडी सगळ्यांना एकच निरोप धाडला होता, "माझ्या मळ्यावर यायचं. कुणी आजारी असेल तर खाटेवर घालून आणा. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर तेही घेऊन या. इथे जागा पुष्कळ आहे."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, हे तार्ससच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लल्लाचा धाकटा भाऊ ओप्रमोस याने टांकसाळीचे ठसे कोरण्यात हयात घालवली होती. त्याचं आणि त्याच्या धाकट्या मुलाचं, ल्यूकोनचं, दोन वर्षं बोलणं नव्हतं. पोराने कोरलेला पहिला ठसा ओप्रमोसने सगळ्या कारागिरांदेखत ऐरणीवर ठेवून घणाने फोडला होता. वर म्हणाला होता, "सिंह म्हणे! ही तर दूध चोरून प्यायलेली मांजर आहे." ल्यूकोनने त्याच आठवड्यात बायकोच्या माहेरी, सोलोईच्या बंदरात, बिऱ्हाड हलवलं.

आता लल्ला दगडी हौदाच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि हौदात सत्तरीचा ओप्रमोस वस्त्र गुडघ्याच्या वर खोचून द्राक्षं तुडवत होता. तुडवत कसला, नाचतच होता. गडीमाणसं तोंड फिरवून हसत होती. फाटकाशी ल्यूकोनची खेचरगाडी थांबली तसा ओप्रमोस थांबला.

"आलास?"

"आत्याने बोलावलं."

"हं."

"झालं?" लल्ला म्हणाली. "दोन वर्षांचं बोलणं एवढ्यात आटोपलं? ल्यूकोन, पाय धू आणि उतर हौदात. तू त्या टोकाला, हा ह्या टोकाला. मधली द्राक्षं काही आपोआप चिरडत नाहीत, तेव्हा कधी ना कधी जवळ यावंच लागेल."

ल्यूकोनची बायको मिर्टो गाडीतून उतरली. तिच्या डोक्यावर सुक्या अंजिरांची टोपली आणि ओठांवर दाबलेलं हसू. "आत्याबाई, मी काय करू?"

"तू? तू तोंडाने मदत कर. हे दोघं गप्प बसले की तू बोलायचं."

बापलेक दोन टोकांना तुडवत राहिले. रस पन्हळीतून खालच्या रांजणात पडू लागला. लल्लाला वाटलं, बरं चाललंय. तेवढ्यात शहराच्या वाटेवर धूळ उठली आणि ओप्रमोसचा थोरला मुलगा झब्दाई बायकोसह येताना दिसला. त्याचं तोंड असं झालं होतं की खेचरानेच त्याला दामटत आणलं असावं.

"राजा मरतोय," झब्दाई गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला.

"कुठला?" लल्लाने विचारलं. "आपला की त्यांचा?"

"त्यांचा! अलेक्झांडर. घामाने निथळत होता म्हणून चिलखत फेकून नदीत उडी मारली. डोंगरावरचं बर्फ वितळून आलेलं पाणी ते! आपली पोरंसुद्धा त्या डोहात पाय घालताना ओरडतात. तेव्हापासून तापाने फणफणलाय. शुद्ध नाही म्हणतात."

"एवढं राज्य जिंकलं आणि नदीत पाय घालून पाहायचं सुचलं नाही?" लल्ला म्हणाली. "आई नव्हती का बरोबर?"

झब्दाईला हसू आलं नाही. बाप थकल्यापासून टांकसाळीचा कारभार त्याच्या गळ्यात होता. इराण्यांचा सुभेदार पळून गेला तेव्हा जाता जाता शहराला आग लावायचा त्याचा बेत होता. ती आग लागली नाही, एवढ्यावरच झब्दाईने देवाला कोकरू बोलून ठेवलं होतं. मग काल अदायोस नावाचा, अलेक्झांडरच्या फौजेचा मकदूनी खजिनदार दुकानात आला, ऐरणीवर हात ठेवून म्हणाला, ठसे हवेत. एका बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला वीर, दुसरीकडे सिंहासनावर झ्यूस देव आणि राजाचं नाव. द्राक्षांचा हंगाम आटपायच्या आत. सुभेदाराने मागे टाकलेली सगळी चांदी त्यावर छापायची.

जेवणं अंजिराच्या झाडाखाली बसली. भाकरी, ऑलिव्ह, जिरं लावून भाजलेलं बकरं आणि ताज्या रसाचे पेले. झब्दाईने घास न उचलताच विषय काढला.

"मी नाही म्हणणार आहे. उद्या हा राजा मेला तर फौज आल्या वाटेने परत जाईल. इराण्यांचा सम्राट डोंगरापलीकडे तळ देऊन बसलाय. तो येईल आणि पहिला प्रश्न विचारील, माझ्या चांदीवर ह्या परक्याचं नाव कुणी कोरलं? मग आपले हात कोपरापासून जातील."

"आणि राजा जगला तर?" ल्यूकोन म्हणाला.

"तर बघू."

"तर बघायला तो आपल्याकडे कशाला येईल? मल्लोसचे कारागीर टपून बसलेत. काम त्यांना जाईल. आपण बसू इथे द्राक्षं तुडवत."

"द्राक्षं तुडवण्याला काय धाड भरलीय?" लल्ला म्हणाली.

"तसं नाही गं आत्या."

झब्दाईची बायको तातिस आतापर्यंत नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मल्लोसचं नाव निघालं तशी मान थांबली. "मल्लोसवाले? ज्यांनी मागच्या साली आपला भट्टीवाला फोडून नेला, तेच?"

"तेच, वहिनी."

"मग मी म्हणते, एवढं घाबरायचं तरी काय कारण?" तातिस नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तर बाई, पान हललं तरी—"

"तातिस! काल रात्रभर तूच रडत होतीस ना?"

"काल मला मल्लोसचं ठाऊक नव्हतं."

लल्ला एवढी हसली की तिच्या पेल्यातला रस सांडला. ओप्रमोस मात्र बकऱ्याचं हाड चोखत शांत बसला होता. तो काहीतरी बोलेल म्हणून सगळे थांबले.

"माझ्या बापाने," तो अखेर म्हणाला, "ज्याच्या नावाने ठसे कोरले त्या सुभेदाराला त्याच्याच भावाने मारलं. मी चौघांसाठी कोरले. त्यातला एक बंड करून मेला, एक झोपेत मेला, दोघं पळाले. इराण्यांच्या सोन्याच्या नाण्यावर बघा, राजा धनुष्य घेऊन गुडघा दुमडून पळतोच आहे. कुठे निघालाय ते मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं." तो स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसला. "ह्या अलेक्झांडरच्या बापाच्या नाण्यावर घोडा आहे. शर्यत जिंकला म्हणून. मोठा लढवय्या, एक डोळा गमावलेला, पण नाण्यावर कौतुक कशाचं, तर घोड्याचं. मला तो माणूस आवडला असता."

"बाबा, पण करायचं काय?" झब्दाई काकुळतीला आला.

"हौद भरू दे आधी."

तेव्हा ल्यूकोनने पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवलं. त्याने ते उलगडलं नाही, पण आकारावरून ते काय आहे हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"मी कोरलाय," तो म्हणाला. "सिंहाच्या कातड्यातला वीर. फौज डोंगर उतरणार अशी बातमी बंदरावर उन्हाळ्यातच आली होती. ह्यांचे सगळे राजे स्वतःला हेराक्लीसचे वंशज म्हणवतात. त्याचंच तोंड मागणार, हे उघड होतं."

"न विचारता?" झब्दाई ताडकन म्हणाला.

"कुणाला विचारायचं होतं, दादा? तुमच्याकडून तर दोन वर्षांत निरोपसुद्धा नाही."

ओप्रमोसने त्या गुंडाळीकडे पाहिलं आणि दुसरं हाड उचललं. मिर्टोला आत्याबाईंची आज्ञा आठवली. "अंजीर घ्या ना कुणीतरी," ती मोठ्याने म्हणाली. "गाडीभर आणलेत."

अंजीर संपायच्या आत मळ्याच्या फाटकाशी तीन घोडे आले.

मिर्टोने पुढचा माणूस लगेच ओळखला. सोलोईच्या बंदरावर तिने असे खूप पाहिले होते. अंगठ्या नाहीत, डाव्या हाताच्या बोटांना शाई, चिलखत कपाटातून कालच काढल्यासारखं. हाच खजिनदार अदायोस. तो उतरला आणि लंगडत सावलीत आला.

"ओप्रमोस नावाचा ठसेवाला इथे आहे म्हणतात," तो ग्रीकमध्ये म्हणाला. "मला आजच उत्तर हवंय."

मिर्टोने त्याला बसायला सांगितलं. तिचं बंदरावरचं अशुद्ध ग्रीक ऐकताच बरोबरच्या दोन जवानांनी एकमेकांकडे पाहून दात काढले.

"सोलोईची दिसतेस," अदायोस म्हणाला.

"हो. आणि आमच्याकडे पाहुणा आधी पाणी मागतो, मग उत्तर."

तो एकदम हसला आणि खाली बसला. लल्लाने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपलांच्या वाद्यांनी घोट्यांवर रक्ताळलेल्या रेघा काढल्या होत्या. "मिर्टो, ह्याला सांग, चपला काढ आणि हौदात उतर. ताजा रस जखमेला चांगला असतो."

"आत्याबाई, हा राजाचा खजिनदार आहे."

"म्हणूनच सांगते. राजाला नदीत सोडलं ह्यांनी, निदान ह्याला तरी आपण बरं करू."

मिर्टोने एवढंच सांगितलं, "आत्याबाई म्हणतात, आमच्या हौदात पाय घालणं हा पाहुण्याचा मान असतो." अदायोसने एकदा जवानांकडे, एकदा हौदाकडे पाहिलं. मग तो खरंच उतरला. रस लागताच तो कळवळला, आणि क्षणभराने त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की लल्लाने त्याला तिथेच अर्धा आपला मानला. ओप्रमोसही उठून त्याच्या शेजारी हौदात गेला. कामाचं बोलणं मग पोटऱ्यांपर्यंत द्राक्षांत उभ्यानेच झालं.

"राजा कसा आहे?" ओप्रमोसने मोडक्या ग्रीकमध्ये विचारलं.

अदायोसने जवान ऐकत नाहीत ना, ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला ठाऊक नाही. वैद्य औषध घोटतोय. मी तुम्हाला खोटं सांगत नाही, आजोबा. पण तळावर काय चाललंय ते मला ठाऊक आहे. जवानांना पगार मिळालेला नाही. राजा उभा असेल तर ते त्याच्या शब्दावर महिनोन् महिने थांबतात. राजा पडला आणि हातात पैसाही नाही, तर ते पगार कुठून वसूल करतील? ह्या शहरातूनच. दार फोडून."

मिर्टोने हे घरच्यांना त्यांच्या अरमाईक भाषेत सांगितलं. ह्यातला एकही शब्द तिने मऊ केला नाही. तातिसने तोंडावर हात ठेवला. तिचं घर तळाच्या भिंतीला लागूनच होतं.

"कच्ची चांदी वाटा की," झब्दाई म्हणाला.

"कशी वाटू? तुकडे तोडून? प्रत्येक जण म्हणणार, त्याचा तुकडा मोठा. नाणं हातात पडलं की माणूस भांडत नाही. त्यावर राजाचं नाव असलं की त्याला वाटतं, राजा आहे."

झब्दाईने मान खाली घातली. त्याची भीती कमी झाली नव्हती, पण आता ती दोन्ही बाजूंनी सारखीच होती, आणि त्यामुळे त्याला चमत्कारिक रीतीने हलकं वाटलं.

"तुमचा झ्यूस कसा बसतो, ते सांगा," ओप्रमोस म्हणाला.

अदायोसला बोलून दाखवता येईना. शेवटी तो हौदाच्या काठावर बसला, पाठ ताठ केली, डाव्या हातात द्राक्षं ढवळायची काठी उभी धरली, उजवा हात पुढे केला. "असा. ह्या हातात राजदंड. ह्या हातावर गरुड."

ओप्रमोस बघतच राहिला. मग कमरेची थैली सोडून त्याने जुनं, झिजलेलं चांदीचं नाणं काढलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं. सिंहासनावर बसलेला देव. एका हातात राजदंड, दुसऱ्यात द्राक्षाचा घड आणि गव्हाची लोंबी.

"अरे! हा तर झ्यूसच!" अदायोस ओरडला.

"हा आमचा बआल. मी कोरलाय. तीस वर्षं ह्याच खुर्चीवर बसलाय. तुम्ही नुसता हातातला ऐवज बदला म्हणताय."

"म्हणजे जमेल?"

"बसलेला माणूस तर तयार आहे."

झब्दाईच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "बाबा! म्हणजे उद्या इराणी परत आलेच, तर आपण म्हणू, आम्ही कुठे काय बदललं? आमचाच देव आहे. हातावर एक पाखरू येऊन बसलं, त्याला आम्ही काय करणार?"

"मग तुझी हरकत नाही?"

"माझी? मी कधी हरकत घेतली?"

"मला आहे हरकत," ल्यूकोन म्हणाला. सगळे चकित होऊन त्याच्याकडे वळले. "ग्रीक राजा, ग्रीक नाव, आणि बसवायचा आपला जुना लाकडासारखा बआल? त्याचे पाय बघा. खुर्चीला खिळे ठोकून बसवल्यासारखे. नवं कोरायचं तर नवं कोरू."

"लाकडासारखा?" ओप्रमोसने विचारलं.

"आणि मलाही आहे!" लल्ला मध्येच कडाडली. तिच्या हातात पन्हळीखालचं भांडं होतं, ते तिने धाडकन खाली ठेवलं. "तुम्हाला काही वाटतं का रे? ऐन हंगामाच्या दिवशी, माझ्याच मळ्यात उभं राहून, देवाच्या हातातला घड काढून घेताय? त्याच्या हातात घड आहे म्हणून ह्या वेली लगडल्यात. काढा घड, बसवा गरुड! गरुड काय देणार आपल्याला? सशांची हाडं?"

"अक्का, अगं कामापुरतं—"

"ओप्रमोस, तू गप्प बस. नवरा मेला तेव्हा ह्या मळ्यात काटे होते. तेव्हापासून दर हंगामाला पहिला घड मी तुझ्या त्या बआलपुढे ठेवते. मी नाही ठेवणार ह्यापुढे. आणि हा रस कुणी प्यायचा नाही. पेले खाली!"

पेले खाली आले. मिर्टोने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, दोन्ही जवानांनी भाषा न समजताही आपले पेले सगळ्यांत आधी ठेवले होते.

"बाई काय म्हणताहेत?" अदायोसने विचारलं.

"म्हणताहेत, देवाचा घड परत द्या."

तो गोंधळला. मग कपाळ चोळत म्हणाला, "मला नाण्यावर खूण लागतेच. प्रत्येक टांकसाळीची वेगळी. सिंहासनाखाली किंवा देवाच्या समोर, मोकळ्या जागेत. चांदीत भेसळ निघाली तर कुणाची मान धरायची ते कळायला. काहीही चालतं. तारा, कासव, घागर—"

मिर्टो हे सांगत असतानाच तातिस उभी राहिली होती. तातिसला घरात कुणी हुशार म्हणत नसे. ती स्वतःही म्हणत नसे. "मग घड तिथेच घाला," ती म्हणाली. "हातातून काढून समोर ठेवायचा. जेवताना नाही का, हात मोकळा करायला आपण ताटात ठेवतो? देवाने पाखरू घ्यायला घड खाली ठेवला. इतकंच."

लल्ला तिच्याकडे पाहत राहिली. "आणि लोंबी?"

"लोंबीला जागा नाही, आत्याबाई. लोंबीचं पुढच्या राजाच्या वेळी बघू."

पहिल्यांदा लल्ला हसली, मग बाकी सगळे हसले. तिनेच पेले उचलून एकेकाच्या हातात दिले. जवानांना तिने दुप्पट भरून दिलं.

ओप्रमोस हौदातून बाहेर आला. त्याने पाय पुसले, हात तीनदा धुतले, आणि भाकरीच्या टोपलीशेजारी जाऊन बसला. गुंडाळी अजून तिथेच होती. त्याने ती सोडली. ल्यूकोन हौदाच्या पलीकडे उभा होता, तो जागचा हलला नाही.

ओप्रमोसला ठसा दिसत नव्हता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण वर्षभरापासून जवळची वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे दुधात बुडाल्यासारखी असे. त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याचं पेर ठशाच्या खळग्यात घातलं. ठशावर सगळं उलटं असतं. उंच ते खोल. त्याच्या अंगठ्याला ते उलटं वाचायची सवय होती. आयाळ लागली. एकेक बट वेगळी, मुळाशी जाड, टोकाशी निमुळती. सिंहाचा वरचा जबडा वीराच्या कपाळावर आलेला. दात. कानामागे गाठ मारलेले पंजे. नखं. तो एका जागी थांबला, परत मागे गेला, परत पुढे आला.

"हा," तो म्हणाला, "जेवलेला सिंह आहे."

ल्यूकोन हौदाला वळसा घालून जवळ आला.

"मागचा मी फोडला, कारण तो वाईट होता. तो खरंच वाईट होता, बाळ. पण एवढ्या लोकांसमोर नको होता फोडायला. आत नेऊन फोडायला हवा होता."

"फोडायला हवाच होता?"

"हवाच होता. ह्यावर मात्र घण मारायचा तो चांदी ठेवूनच." त्याने ठसा परत कापडात गुंडाळला आणि थोरल्याकडे वळला. "झब्दाई, देव तू कोर. बसायची ढब माझ्याकडून शिकलास ती ठेव, पण पाय जरा सैल सोड. हा म्हणतो ते खरं आहे. मलाही ते पाय कधी आवडले नाहीत."

"आणि गरुड, बाबा? गरुड तुम्ही कोराल ना?"

"माझे डोळे आता गरुडापर्यंत पोचत नाहीत," ओप्रमोस साधेपणाने म्हणाला. "दोघं मिळून कोरा. भांडलात तर मी ऐकायला बसलेलाच आहे."

झब्दाई आणि ल्यूकोनने एकमेकांकडे पाहिलं. बापाचे डोळे गेलेत हे दोघांना एकाच क्षणी कळलं होतं, आणि ते तोंडावर दिसू द्यायचं नाही हेही दोघांनी एकाच क्षणी ठरवलं. "गरुडाचं तोंड कुठे करायचं?" झब्दाईने मुद्दाम विचारलं. "देवाकडे," ल्यूकोन म्हणाला. "बाहेर," झब्दाई म्हणाला. भांडण तिथेच सुरू झालं, आणि ओप्रमोस अंजिराच्या खोडाला टेकून ऐकू लागला.

पुढचे दिवस टांकसाळीत कुणी घरी जेवलं नाही. मिर्टोने राजाच्या नावाची अक्षरं मेणावर काढून दिली. एक अक्षर उलटं पडलं म्हणून दोन्ही भाऊ तिच्यावर ओरडले आणि मग कळलं की ठशावर तेच बरोबर आहे. झब्दाई रोज सकाळी तळाकडे कान लावून यायचा. राजाचा श्वास चालू आहे. राजाने औषध घेतलं. राजाने पाणी मागितलं. पहिल्या दिवशीचे घण पडले तेव्हा राजा जगेल की नाही हे शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि झब्दाईने डोळे मिटूनच पहिली चकती ऐरणीवर ठेवली. आपला हात जागेवर आहे हे पाहून मग दुसरी ठेवली.

ज्या सकाळी राजा अंगावर शाल घेऊन स्वतःच्या पायांनी फौजेसमोर उभा राहिला, त्या सकाळी लल्ला नदीवेशीत गेल्या सालच्या दारूचे बुधले मांडून बसली होती. आधी तिला गर्जना ऐकू आली. वाटलं, धरण फुटलं. मग जवानांचे लोंढे रस्त्यावर आले. कुणी गात होतं, कुणी रडत होतं, आणि सगळ्यांना तहान लागली होती. सगळ्यांच्या मुठीत नवा पगार होता.

एका दाढी न फुटलेल्या, उन्हाने सोललेल्या नाकाच्या जवानाने तिच्यापुढे चांदीचं नाणं ठेवलं. लल्लाने ते उचलून उन्हात धरलं. देव बसला होता. पाय सैल सोडून, आरामात. हातावर गरुड होता, आणि गुडघ्यांसमोर तिचा घड. दाणेसुद्धा मोजता येतील असा.

"झ्यूस," जवान बोट ठेवून म्हणाला.

"बआल," लल्ला म्हणाली.

"झ्यूस!"

"बरं बाबा, पेला धर."

तो पेला एका दमात रिकामा करून त्याने नाणं तिच्या तळहातावर उलटं केलं. सिंहाच्या कातड्यातला तरुण चेहरा वर आला. जवान एकदम गंभीर झाला. त्याने छातीवर मूठ ठेवली, डोळ्यांत पाणी आलं. "अलेक्सांद्रोस," तो म्हणाला.

लल्लाने नाणं जवळ नेलं. मग लांब नेलं. परत जवळ आणलं. खालचा ओठ किंचित पुढे, जणू काही मागायचंय पण मागणार नाही असा. गोल, हट्टी हनुवटी, मधोमध बोटाने दाबल्यासारखी. ही हनुवटी तिने पाळण्यात पाहिली होती. ह्याच हनुवटीवरून दही पुसलं होतं. गेली पन्नास वर्षं ती दाढीखाली होती आणि जगात दुसऱ्या कुणाला तिची आठवण असायचं कारण नव्हतं.

ती हसायला लागली. जवानाला वाटलं, म्हातारी राजाच्या आनंदात हसतेय, तोही हसला. ती हसत हसत डोळे पुसत राहिली, आणि शेवटी तिने त्याचा पेला फुकट भरून दिला.

संध्याकाळी ती तडक टांकसाळीत गेली. मिर्टो दाराशी मेणाच्या पाट्या धूत होती. लल्लाने तिच्या नाकासमोर नाणं धरलं. "कुणाचा चेहरा आहे हा? खरं सांग."

मिर्टो लाजली. "कुणाला सांगू नका, आत्याबाई. सोलोईत बसायला कुणी माणूस मिळेना. म्हणून ह्यांनी दाढी काढली आणि माझ्या आरशात बघून स्वतःलाच कोरलं. महिनाभर मला केस विंचरायला आरसा मिळाला नाही."

"ल्यूकोनचा?" लल्लाने आत डोकावून पाहिलं. ल्यूकोन घणाजवळ उभा होता. घामाने चेहरा चमकत होता, खालचा ओठ पुढे आला होता. दाढीशिवाय तिने त्याला असं नीट कधी पाहिलंच नव्हतं. "हो की गं. ल्यूकोनचाच."

ओप्रमोस कोपऱ्यात बाकावर बसून घणाचा ठेका ऐकत होता. लल्ला त्याच्याजवळ टेकली, त्याचा हात ओढून घेतला आणि नाणं त्याच्या अंगठ्याखाली ठेवलं. "त्या दिवशी तू सिंह तपासलास. चेहऱ्यापर्यंत गेलाच नाहीस. आता जा."

"का? बिघडलाय?"

"जा तर खरं."

नाण्यावर आता सगळं सुलट होतं. ओप्रमोसचा अंगठा कपाळावरून नाकावर आला, नाकावरून ओठावर, ओठावरून खाली उतरला आणि थांबला. त्याने भुवया आकसल्या. मग दुसरा हात सावकाश वर गेला आणि पांढऱ्या दाढीत शिरून काहीतरी चाचपू लागला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "शेजारी न्हावी असेल का गं अजून?"